झाड बिघडलंय, पण नेमकं कशानं? घरच्या बागेतल्या अडचणी आणि त्यांचं निदान

रानजाई

पान पिवळं पडलं की खत, झाड मलूल दिसलं की पाणी आणि पान वळलं की फवारणी, हे हाताला सवयीचं झालेलं असतं. मग मुळं कुजत असलेल्या झाडालाही पाणीच मिळतं आणि क्षार साठलेल्या कुंडीत आणखी खत पडतं. या धाग्यात आधी निदान करू, उपाय त्यानंतर.

प्रश्न विचारताना एवढं जरूर लिहा: बिघाड खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याकडच्या कोवळ्या, झाड जमिनीत आहे की कुंडीत, कुंडी केवढी, तळाला भोकं किती, थेट ऊन किती तास, आणि गेल्या पंधरा दिवसांत काय घातलं, काय फवारलं. पानाचा फोटो टाकाल तर खालच्या बाजूचाही टाका. मावा, पांढरी माशी, कोळी (जाळं विणणारा घरातला नव्हे, पानांचा रस शोषणारी बारीक कीड) हे सगळे तिथेच बसलेले असतात.

लिहिण्याआधी एक तपासणी मात्र स्वतः करा. लाकडाची कोरडी काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढून बघा. वरची दोन बोटं माती सुकलेली आणि काडीचं खालचं टोक मात्र ओलं, चिकट, असं फार वेळा दिसतं. टोकाला कुजका वास येत असेल तर खतं-औषधं बाजूला ठेवा, आधी पाण्याचा निचरा सुधारायचा आहे.

ओंजळ

चांगला धागा. पहिला प्रश्न माझाच.

टोमॅटो, १२ इंची कुंडी, चार भोकं, सहा-सात तास ऊन. खालची पानं पिवळी पडतायत, पण शिरा हिरव्याच आहेत. शेंडा तजेलदार आहे. काडी तळाला किंचित ओलसर निघाली, वास नाही. पोटॅशवालं खत गेल्या महिनाभरात तीनदा दिलंय, कारण फुलं येऊ लागली होती.

मूळमाती

ओंजळ, उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. ही मॅग्नेशियमची कमतरता दिसतेय आणि तिचं कारण बहुधा जास्तीचं पोटॅश. मुळं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम एकमेकांच्या स्पर्धेत उचलतात. एकाचा मारा झाला की दुसरं मातीत असूनही झाडाला मिळत नाही.

पोटॅश तीन-चार आठवडे बंद करा. मॅग्नेशियम सल्फेट १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, त्यावरून उपाय फसला असं समजू नका. पिवळेपणा वरच्या पानांकडे सरकायचा थांबला म्हणजे काम झालं.

इतरांसाठी थोडं सविस्तर, कारण पिवळ्या पानांचे प्रश्न येतच राहणार. नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (म्हणजेच पोटॅश) आणि मॅग्नेशियम ही झाडाच्या आत हलू शकणारी द्रव्यं. टंचाई झाली की झाड जुन्या पानांतून ती काढून शेंड्याला पुरवतं, म्हणून लक्षणं खालून सुरू होतात. खालचं अख्खं पान शिरांसकट फिकट, पिवळं पडलं तर नत्र कमी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा तर मॅग्नेशियम. कडा जळाल्यासारख्या तपकिरी तर पालाश. स्फुरद कमी असेल तर पिवळेपणा येतोच असं नाही, जुनी पानं काळपट हिरवी होतात, काही झाडांत खालून जांभळट झाक येते.

लोह, कॅल्शियम, बोरॉन यांना एकदा पानात बसल्यावर फारसं हलता येत नाही. ती कमी पडली की कोवळी पानं, कळ्या, फळं आधी बिघडतात.

त्यामुळे 'पानं पिवळी पडतायत' एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येणार नाही. कुठली पानं, हे कळलं तरच पुढचं बोलता येतं.

अंकुर_०७

मग माझं लोह असणार. लिंबाची नवी पानं जवळजवळ पिवळीपांढरी येतायत, त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी. जुनी पानं गर्द हिरवी. लोखंडी खिळे कुंडीत पुरले, फरक शून्य. पाणी बोअरचं आहे, कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो.

मूळमाती

लोहच. मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाहीये, कारण बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे मातीचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा, चढलाय. चढलेल्या पीएचला लोह अविद्राव्य रूपात अडकून बसतं. खिळ्यांचा गंजही तसाच अविद्राव्य, त्यामुळे तो उपाय सोडून द्या.

चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह घ्या, पण पाकिटावर चिलेटचा प्रकार वाचूनच. ईडीटीए प्रकारचं लोह पीएच साडेसहाच्या आसपासपर्यंतच टिकतं. डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत. तुमच्या मातीला ईडीडीएचए लागेल, ते ९ पीएचपर्यंतही काम करतं. त्याचं द्रावण गडद लाल असतं आणि ते मातीत ओतायचं असतं, फवारायचं नसतं. प्रमाण पाकिटावर दिलेलं असेल तेवढंच. ऊन उतरल्यावर द्या, उन्हात हे चिलेट खराब होतं.

काठावरचा पांढरा थर खरवडून टाका आणि क्षार धुऊन काढा. कुंडीत जेवढी माती, तिच्या दुप्पट पाणी सावकाश, थांबत थांबत ओता आणि खालून मोकळं वाहून जाऊ द्या. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी लगेच फेका, नाहीतर क्षार पुन्हा वर चढतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर लिंबाला तेच द्या.

पानोपानी

मिरची. शेंड्याची पानं वळून आखडलीत, वाढ थांबलीये. सगळे म्हणतात चुरडा-मुरडा झाला, उपटून टाक. फवारणीला कडुनिंबाचं तेल वापरतेय, उपयोग नाही.

रानजाई

उपटण्याची घाई नको. पानं कुठल्या बाजूला वळलीत ते आधी बघा, त्यावर सगळं अवलंबून आहे.

कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखं किंवा द्रोणासारखं झालं असेल तर फुलकिडे. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका. बारीक, लांबट, पिवळट किंवा काळसर किडे चालताना दिसतील, आकाराने एक-दीड मिलिमीटर. पानाच्या खालच्या बाजूला चंदेरी, खरवडल्यासारखे चट्टेही असतात.

कडा खालच्या बाजूला वळल्या असतील, पान अरुंद, जाडसर झालं असेल आणि देठ लांबलेला असेल तर कोळी. मिरचीवरचा हा कोळी इतका बारीक असतो की भिंगाशिवाय दिसत नाही, त्याला जाळीही नसते. म्हणून लोक 'कीड काहीच नाही' म्हणतात आणि खत देत सुटतात.

पानं बारीक राहिली, शिरा जाड झाल्या, पेरं आखूड झाली, पिवळे-हिरवे डाग आले आणि पान झटकल्यावर पांढरी माशी उडाली, तर विषाणू. त्याला औषध नाही. ते झाड काढून टाकायचं आणि शेजारच्या झाडांवरच्या पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करायचा.

पानोपानी

खाली वळलीत. देठ लांब आहेत, पान मागून तपकिरी आणि तेलकट चमकतंय.

रानजाई

मग कोळी. आखडलेले शेंडे दोन-तीन पानं धरून खुडा आणि पिशवीत बांधून टाका, सगळ्यात जास्त कोळी तिथेच असतात. मग पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक १ लिटरला २ ग्रॅम, पानांच्या खालून, सात-आठ दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर गंधक फवारू नका, पानं भाजतात. आणि तुम्ही कडुनिंबाचं तेल मारताय, त्यानंतर किमान दोन आठवडे जाऊ द्या. तेल आणि गंधक एकत्र आले की पानं करपतात. तोवर शेंडे खुडणं आणि पानं खालून पाण्याने धुणं एवढंच करा. वेलवर्गीय झाडांवर गंधक आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा, काकडी-खरबूजाच्या काही जातींना ते सोसत नाही.

आधीची वाकडी पानं सरळ होणार नाहीत. नवा फुटवा सपाट आला की जिंकलं.

ओंजळ

कडुनिंबाच्या तेलाबद्दल एकदा नीट लिहाल का कोणी? प्रत्येक ठिकाणी वेगळं प्रमाण वाचायला मिळतं.

हिरवळ

मी लिहितो. घाण्याचं शुद्ध तेल असेल तर १ लिटर कोमट पाण्यात आधी १ ते २ मिली द्रव साबण हलकेच मिसळायचा. मग ५ मिली तेल थेंब थेंब सोडत ढवळायचं. पाणी दुधाळ झालं पाहिजे. वर तेलाची तवंगं तरंगत असतील तर ते मिश्रण झाडावर मारू नका. तवंगाचा थेंब जिथे पडतो तिथे पान जळतं आणि बाकी झाडाला नुसतं पाणी मिळतं. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, अधूनमधून बाटली हलवत राहायची. बाजारात पाण्यात थेट मिसळणारी अर्कंही मिळतात. त्यांना वरून साबण लागत नाही, प्रमाण लेबलवर असतं तेच.

कपड्याची पावडर वापरू नका, ती फार अल्कधर्मी असते, कोवळी पानं भाजतात. पाणी जड असेल तर साबणाचा साका होतो आणि मिश्रण नासल्यासारखं फुटतं. अशा वेळी पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या.

वेळ ऊन उतरल्यानंतरची. दुपारी नाही, कडक सुकलेल्या झाडावर नाही, मधमाश्या फुलांवर असताना नाही. आणि एकदा फवारून सोडून देऊ नका. अंड्यांवर याचा परिणाम फारसा होत नाही, म्हणून पाच ते सात दिवसांनी पुन्हा, असं तीन वेळा करावं लागतं. लोक एकदा मारतात, आठवड्याने नवी पिल्लं दिसतात आणि तेल कुचकामी ठरवलं जातं.

पानगळ

याच संदर्भात विचारतो. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आहे. तेल-साबण तीनदा झालं, कमी होतो आणि परत येतो. मुंग्या भरपूर आहेत.

हिरवळ

मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय तो जाणार नाही. पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतो, मुंग्या त्यासाठी त्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हाकलतात. कुंडी भिंतीला किंवा दुसऱ्या झाडाला टेकलेली नको. खोडावर कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट पदार्थ लावा, थेट सालीवर नको. मुंग्यांची ये-जा थांबली पाहिजे.

दुसरं म्हणजे त्याच्या अंगावरचं मेण. पाणी त्यावरून ओघळून जातं. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा बुडवून एकेक पुंजका पुसून काढा. पेरांच्या बेचक्यात, कळीच्या देठाशी, सालीच्या भेगेत बघा. ज्या फांदीवर थरच थर आहे ती छाटून टाका. पुसून झाल्यावर मग फवारणी. आणि एवढं करूनही परत आला तर झाड कुंडीतून उपसून मुळं बघा, मुळांवर राहणारीही एक जात असते.

पानांवर काळी काजळी धरली असेल तर तिच्यासाठी वेगळं बुरशीनाशक आणू नका. ती त्या चिकट्यावर वाढते. कीड गेली की ओल्या फडक्याने पुसून निघते.

कुंडीवाला

निचऱ्याबद्दल वर आलं म्हणून लिहितो. कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे किंवा खडी, तीन-चार बोटं जाडीचा थर घाला, पाणी साचायचा प्रश्नच येत नाही.

मूळमाती

कुंडीवाला, हे सगळीकडे सांगितलं जातं, पण याने निचरा सुधारत नाही, उलट बिघडतो. बारीक कणांच्या मातीतलं पाणी केशाकर्षणाने धरलेलं असतं. खाली मोठमोठ्या पोकळ्यांची खडी आली की पाणी त्या सीमेवर अडतं आणि वरची माती पूर्ण भिजल्याशिवाय खाली उतरत नाही. प्रत्येक कुंडीत तळाशी एक पाणथळ पट्टा राहतोच. त्याची उंची मातीच्या पोतावर ठरते. खडी घातली की तो पट्टा तेवढा वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो आणि मातीला जागाही कमी उरते.

कुंडीवाला

मग भोकातून माती वाहून जाते त्याचं काय करायचं?

मूळमाती

त्यासाठी भोकावर एक खापरीचा वाकडा तुकडा, फुगीर बाजू वर ठेवून, किंवा नायलॉनच्या जाळीचा चौकोन पुरतो. थर नको.

निचरा सुधारायचा तर मिश्रण बदला. भाज्या-फुलझाडांसाठी साधारण ४ भाग चाळलेली माती, ३ भाग पूर्ण कुजलेलं खत, २ भाग कोकोपीट, १ भाग जाड वाळू किंवा परलाइट (फुलवलेले हलके पांढरे खनिज खडे). माती काळी, चिकण असेल तर तिचा वाटा २ भागांवर आणा आणि जाड घटक वाढवा. बारीक वाळू वापरू नका, ती चिकणमातीत बसून सिमेंटसारखी घट्ट होते. कोकोपीट आधी दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यात मीठ असू शकतं.

पारख अशी: भरलेल्या कुंडीला पाणी घाला. अर्ध्या मिनिटात ते मातीत जिरलं पाहिजे आणि खालून लवकरच वाहू लागलं पाहिजे. पाणी घातल्या घातल्या कडेने धो धो खाली आलं तर ते चांगल्या निचऱ्याचं लक्षण नाही. माती पार सुकून कडेपासून सुटलीये आणि मधला गोळा कोरडाच आहे. अशी कुंडी पाण्याच्या टबात बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा.

कुंडीवाला

पटलं. पुढच्या भरणीला थर न घालता करतो.

माळरान

तातडीचं आहे. वांग्याचं झाड दोन दिवसांत कोमेजलं. पानं हिरवीच आहेत, पिवळी नाहीत. माती ओली. संध्याकाळीही उभं राहत नाही. शेजारच्या दोन टोमॅटोंना आजपासून तसंच होतंय.

रानजाई

पाणी लगेच थांबवा आणि त्या तिघांना लावलेली कात्री दुसऱ्या झाडांना लावू नका.

दुपारी पान मलूल होऊन संध्याकाळी ताठ होणं हे कडक उन्हातलं नेहमीचं वागणं आहे, त्याला पाणी वाढवायची गरज नसते. संध्याकाळीही न सावरणं आणि माती ओली असणं, यात मुळं किंवा खोडातल्या नलिका गेलेल्या असतात. आता कशाने, ते बघू. वांग्याचं खोड जमिनीलगत कापा, पाच-सात सेंटिमीटरचा तुकडा घ्या. स्वच्छ काचेच्या ग्लासात पाणी भरून तुकड्याचं कापलेलं टोक पाण्यात टेकेल असा स्थिर धरा, हलवू नका. तीन ते पाच मिनिटांत टोकातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसले तर जिवाणूजन्य मर. धागे नसतील तर तोच तुकडा उभा चिरा. सालीच्या आत तपकिरी रेघ असेल तर बुरशीजन्य मर. दोन्ही नसेल तर मुळं धुऊन बघा. निरोगी मूळ पांढरट आणि कडक असतं. कुजलेल्याची साल बोटाने ओढली की सुटून येते, आत नुसता दोरा उरतो.

माळरान

दुधाळ धागे आले. अगदी स्पष्ट, दोन मिनिटांतच.

रानजाई

मग जिवाणूजन्य मर. झाडावर उपचार नाही, कुठल्या फवाऱ्याने बरं होणार नाही. तिन्ही झाडं मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट उचला, पिशवीत बांधा आणि कचऱ्यात द्या. कंपोस्टमध्ये घालू नका. हा जिवाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतो आणि पाण्यासोबत पसरतो. या वाफ्यातून पाणी पुढच्या वाफ्यात वाहत असेल तर आजच बांध घालून अडवा.

हत्यारं घासून, ९ भाग पाण्यात १ भाग घरगुती ब्लीच अशा ताज्या द्रावणात दहा मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्याने धुऊन वाळवा, नाहीतर लोखंड गंजतं. त्या जागी वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा पुढची काही वर्षं नकोत. मका, कांदा, लसूण यांना तिथे चालेल. टोमॅटो हवेच असतील तर नव्या मातीच्या कुंडीत, जमिनीपासून उचलून.

अंकुर_०७

मुळांचा विषय निघालाच आहे तर, भेंडीचं झाड खुरटलंय, उपटलं तर मुळांवर गाठीच गाठी. चवळीच्या मुळांवरही गाठी असतात ना? त्या तर चांगल्या म्हणतात.

मूळमाती

दोन्ही वेगळ्या. चवळी, वाटाणा, घेवडा यांच्या मुळांवरच्या गाठी मुळाला बाजूने चिकटलेल्या असतात, नखाने खरवडल्या की सहज सुटतात, फोडल्यावर आत गुलाबी रंग दिसतो. त्या नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्या, त्यांना हात लावू नका. भेंडी शेंगवर्गातली नाही. तिच्या मुळावरची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, सोडवायला गेलात तर मूळ तुटतं. हे सूत्रकृमी, मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी.

कुंडी असेल तर सरळ माती बदला. जमीन असेल तर वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत माती भुसभुशीत करून, भिजवून, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. नंतर एक हंगाम तिथे दाटीने झेंडू लावा. टोमॅटोच्या बियाणाच्या पाकिटावर प्रतिकारक्षमता दाखवणारी अक्षरं असतात, त्यात 'एन' (सूत्रकृमींसाठीचं अक्षर) असेल ती जात निवडा.

वेलबुट्टी

टोमॅटोच्या फळांना बुडाशी काळा, दबलेला, चामड्यासारखा डाग. पहिल्या घोसातली सगळी फळं गेली. अंड्याची टरफलं घालतेय.

हिरवळ

हा रोग नाही, संसर्गही नाही. वाढत्या फळाच्या टोकाला कॅल्शियम पोहोचत नाहीये. कॅल्शियम फक्त पाण्याच्या प्रवाहासोबत वर चढतं. पानं भरपूर बाष्प सोडतात म्हणून पाणी त्यांच्याकडे ओढलं जातं, फळाच्या वाट्याला थोडंच येतं. त्यात एक दिवस माती कोरडीठाक आणि दुसऱ्या दिवशी चिंब असं झालं की फळाचा पुरवठा तुटतो. पानात गेलेलं कॅल्शियम फळाकडे परत येत नाही, म्हणून पानांवर कॅल्शियम फवारूनही फारसं साधत नाही.

टरफलं विरघळायला फार वेळ लागतो, अल्कधर्मी मातीत तर जवळजवळ तशीच राहतात. या हंगामाला त्यांचा उपयोग नाही. पाणी रोज ठरावीक वेळी, सारख्या प्रमाणात द्या. मातीवर वाळल्या पानांचं पाच सेंटिमीटर आच्छादन घाला. युरिया किंवा अमोनियम असलेली खतं थांबवा, अमोनियममुळे कॅल्शियमचं शोषण आणखी घटतं. कुंडी लहान असेल, २० लिटरच्या आतली, तर कडक उन्हात दोनदा पाणी लागेल. डागाळलेली फळं काढून टाका. पुढचे घोस बहुतेक वेळा स्वच्छ येतात.

ता. क. ओंजळ, तुम्हीही वाचा. मॅग्नेशियम सल्फेटचा अतिरेक केलात तर तेही कॅल्शियमच्या आड येतं. दोन फवारण्या म्हणजे दोनच.

पानगळ

दुधीला फुलं ढीगभर, फळ एकही धरत नाही. बारीक दुधी येतात आणि बोटाएवढे होऊन पिवळे पडून गळतात.

रानजाई

गळणारे बारीक दुधी म्हणजे परागीकरण न झालेली मादी फुलं. फुलाच्या मागे चिमुकलं फळ असतं ती मादी, नुसता सरळ देठ असतो तो नर. वेलाला पहिले काही दिवस बहुतेक नर फुलंच येतात, त्यामुळे सुरुवातीची गळ मनावर घेऊ नका. मादी फुलं येऊनही गळत असतील तर हाताने करा.

वेळ मात्र वेलागणिक बदलते, आणि गडबड होते ती इथेच. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. काकडी, भोपळा, कारलं, घोसाळं सकाळी लवकर. सकाळी आठला दुधीकडे गेलात तर मादी फूल मिटलेलं असतं. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि पिवळी पूड असलेला मधला दांडा मादी फुलाच्या मधल्या चिकट भागावर सगळीकडून हलकेच फिरवा. एका नराने दोन-तीन माद्या होतात. जमलं असेल तर चार-पाच दिवसांत फळ फुगायला लागतं आणि देठ खाली वाकतो.

हाताने करूनही गळली तर फळाला भोक, चिकट थेंब आहे का बघा, मग फळमाशी. फळ आतून चिरलं तर पांढऱ्या अळ्या दिसतील. अशी फळं जमिनीवर पडू देऊ नका, अळ्या मातीत शिरून कोष करतात. उरलेल्या फळांना फळ धरल्याबरोबर कागदी किंवा जाळीदार पिशवी बांधा.

ओंजळ

आणि टोमॅटोची फुलं देठापासून गळतात ती?

रानजाई

दिवसा ३५ च्या वर किंवा रात्री २४-२५ च्या वर तापमान राहिलं की पराग निकामी होतात. त्याला खत नाही, दुपारची सावली द्या आणि हवामान बदलायची वाट बघा. तापमान ठीक असूनही गळत असतील तर सकाळी फुलांचा घोस टिचकीने हलवा, टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्याला फक्त हादरा हवा. पानं गर्द, लुसलुशीत आणि फुलंच नाहीत, असं असेल तर नत्र जास्त झालंय.

अंकुर_०७

कुंड्यांवर बारीक काळ्या माश्या उडतात, झाडाला काही करत नाहीत. दुर्लक्ष करू?

हिरवळ

मोठ्या झाडाला नाही, पण रोपांना त्रास होतो, अळ्या कोवळी मुळं खातात. माती वरून तीन-चार सेंटिमीटर सुकू द्या, मगच पाणी. पिवळे चिकट सापळे मातीलगत आडवे ठेवा. बटाट्याची चकती मातीवर ठेवून दोन दिवसांनी उचला, खाली अळ्या जमतात, चकतीसकट फेका. तरी राहिल्या तर बीटीआय जिवाणूचं पाणी द्या. तो या माश्यांच्या आणि डासांच्या अळ्या मारतो.

रोपांचाच विषय आहे म्हणून: उगवून आलेली रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडत असतील तर ते या माश्यांमुळेच असेल असं नाही. बहुधा रोप कोलमडण्याची बुरशी. दाट पेरणी, ओलं मिश्रण आणि कोंडलेली हवा तिला लागते. पडलेली रोपं आजूबाजूच्या मातीसकट काढा, झाकण उघडा, पाणी ट्रेच्या खालून द्या. पुढच्या वेळी बी स्वतःच्या जाडीच्या दुप्पट खोलीवरच पेरा आणि बागेतली माती रोपांच्या ट्रेमध्ये वापरू नका.

माळरान

झाडं काढली, बांध घातला. शेवटचा एक प्रश्न: गुलाबाच्या पानांवर काळे, कडा पिसासारख्या फाटलेल्या ठिपक्यांभोवती पिवळं होऊन पान गळतंय. आणि एका फांदीची साल वरून खाली काळी पडत चाललीये.

पानोपानी

गुलाबाचं मी सांगते. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला पान सलग सात तास तरी ओलं लागतं. रात्री पानांवर पाणी राहिलं की तिचं फावतं. पाणी सकाळी, बुडाशी, पानांवर नाही. ठिपक्यांची पानं आणि खाली गळलेली पानं दोन्ही गोळा करून टाका, पुढचा संसर्ग त्यातूनच होतो. मधल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून झाडाचा गाभा मोकळा करा.

काळी पडणारी फांदी ही शेंडेमर. काळ्या भागाच्या खाली पाच सेंटिमीटर हिरव्या भागात, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका काप घ्या. कापलेल्या जागी मधला गाभा बघा. पांढरा किंवा फिकट हिरवा असेल तर थांबा. तपकिरी ठिपका दिसला तर अजून खाली. गाभा स्वच्छ दिसेपर्यंत कापत जायचं, मग फांदी वीतभर उरली तरी चालेल. प्रत्येक कापानंतर कात्री अल्कोहोलने पुसा. आणि डोळा भरलेल्या (कलम बांधलेल्या) जागेच्या खालून जोमदार, वेगळ्याच पानांचा फुटवा आला असेल तर तो खुंटाचा, म्हणजे कलमाखालच्या जंगली गुलाबाचा, तो उगमापाशी ओढून काढा. नुसता छाटलात तर दुप्पट जोमाने येतो.

माळरान

दुसऱ्या कापालाच गाभा पांढरा लागला. खुंटाचा फुटवाही सापडला, सात पानांचा, काढला.